खळ बसू दिलीस का?

नानी, तुला जाऊन सोळा दिवस झाले. तेराव्याला आलेली माणसं जेवून, हळहळून आपापल्या वाटेनं गेली. पंगतीत वाढताना प्रत्येक जण मला थांबवून सांगत होता, "नानीचा तुझ्यावर लई जीव हुता गं." होताच. त्या जिवाचं मी काय केलं, हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी मान खाली घालून आमटी वाढत राहिले. आज रविवार. कॉलेजला सुट्टी आहे आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून इथं येऊन बसलेय. घरी लिहायला बसले असते तर आईनं विचारलं असतं, काय लिहितेस, आणि मी काहीतरी खोटं सांगितलं असतं. ते मला अलीकडे फार सहज जमतं.

तू माझी थोरली चुलती. बाबा बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला लागले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. तू आणि थोरले चुलते, आपले तात्या, मात्र इंदापूरच्या पुढं, नरसिंहपूरच्या वाटेवरच्या आपल्या वस्तीवरच राहिलात. घरची मेंढरं माझ्या जन्माआधीच विकली होती. थोडी शेती राहिली आणि पत्र्याच्या शेडमध्ये तात्यांचा हातमाग राहिला. घोंगडी विणायचे तात्या, पण मागावर चढणाऱ्या लोकरीच्या उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, जी चिंचोक्याची खळ द्यावी लागते, ती तुझी. चिंचोके भाजायचे, साल काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. खळ पातळ झाली की धागे मागावर तुटतात, फार घट्ट झाली की एकमेकांना चिकटून काडीसारखे वाळतात. मधली जागा अगदी अरुंद, आणि ती तुझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला ठाऊक होती. बोट बुडवून वर काढायचीस, खळ कशी उतरते, कुठं थांबते ते बघायचीस आणि म्हणायचीस, "झाली." तात्या जगात कुणाचं ऐकत नव्हते, पण तुझं "झाली" ऐकल्याशिवाय त्यांनी ताण्याला खळ लावायचा कुंचा कधी हातात घेतला नाही.

मी भौतिकशास्त्र शिकायला पुण्याला गेले, पुढं पीएच.डी. करायला लागले, तेव्हा तू विचारलंस, "कशातलं शिकतीस म्हनं?" मी मोठ्या थाटात सांगितलं, मऊ पदार्थांचं विज्ञान. तू बराच विचार केलास. "मऊ म्हंजी? भात?" मी हसले नाही, मला रागच आला. मी तुला समजावून सांगायला लागले, की दही, चिखल, दाताची पेस्ट, पापडाचं पीठ, अशा गोष्टी धड घनही नसतात आणि धड द्रवही नसतात. ठेवल्या तर उभ्या राहतात, हलवल्या तर वाहतात. तू चुलीपुढं बसून सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग हे शिकाया पुन्याला कशाला जायचं? हितं काय कमी हाय व्हय?" सगळं घर हसलं. मी जेवले नाही त्या दुपारी. किती तिरसट होते गं मी, आणि तू किती वेळ भाकरी झाकून ठेवली होतीस.

खरं तर या विषयातला पहिला धडा मला तूच दिला होतास, आणि मी तो कुठल्याही भाषणात सांगितला नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आपण नरसिंहपूरला दर्शनाला गेलो होतो. नीरा जिथं भीमेला मिळते तिथं पाणी मागं हटून गाळ उघडा पडला होता. वरून वाळलेला दिसला म्हणून मी त्यावर नाचायला गेले आणि पाय आपटले तशी गुडघ्यापर्यंत आत गेले. मी रडत पाय ओढायला लागले, तर गाळ आणखी धरून ठेवायला लागला. तू काठावरूनच ओरडलीस, "ओढू नगंस! हिसका दिलास की त्यो बी हिसका देतोय. गप उभी ऱ्हा. आता टाच हलीव. हळू." मी टाच हलवली, पाण्याला वाट मिळाली, गाळ सैल झाला आणि पाय अलगद वर आला. तू माझे पाय नदीत धुतलेस, आणि घरी कुणाला सांगितलं नाहीस. माझ्या चुका तू नेहमीच अशा धुऊन टाकायचीस, म्हणून मला त्यांची भीती वाटायचं कारणच राहिलं नाही.

आता त्या डब्याकडे यावंच लागेल.

तीन वर्षांपूर्वी मागावर धागे तुटायला लागले. तात्या दिवसभर गाठी मारून वैतागलेले. त्यांचं म्हणणं, खळ पातळ पडतेय. तुझं म्हणणं, सुतात खोट आहे. घरी कातलेली लोकर मिळेनाशी झाली तेव्हा तात्यांनी बाहेरून कातलेलं सूत आणायला सुरुवात केली होती, आणि त्या खेपेचं सूत तुला पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. मी सुट्टीला आले तेव्हा तुमचं दोघांचं बोलणंसुद्धा बंद होतं.

"सुताला नावं ठेवू नगंस," तात्या माझ्याकडे बघत तुला म्हणत होते. "तुझं बोट म्हातारं झालं आता."

"बोट म्हातारं झालं तर डोळं बी झालं आस्तील की. त्यांना म्हनावं सूत उजेडात धरून बघा," तूही मलाच सांगत होतीस.

मग मी मध्ये पडले. कुणी बोलावलं नव्हतं. "भांडताय कशाला? मी मोजून सांगते." किती रुबाब होता माझा! मी शिकवते त्या बारामतीच्या कॉलेजात नुकतंच नवं यंत्र आलं होतं. पदार्थात एक दांडी बुडवायची, यंत्र ती फिरवतं, फिरवायला किती जोर लागतो त्यावरून पदार्थ किती घट्ट ते आकड्यात सांगतं. आकडा म्हटल्यावर तात्यांचा चेहरा उजळला. तुझाही उजळला. तुला वाटलं, चला, आता शैलाच माझी बाजू सांगेल.

तू मला सकाळी स्टीलच्या डब्यात खळ भरून दिलीस. झाकणावर फडकं बांधलंस, आणि मी स्कूटर सुरू करताना हँडलवर हात ठेवून म्हणालीस, "शैले, ग्येल्या ग्येल्या झाकन काडू नगंस. वाटंत तिची लई हालवाहालव हुनार. घरी न्हिऊन ठिव, सांजपोत्तर निजू दे, मग काय ती मोज. झोपमोड झालेली खळ खरं बोलत न्हाय."

मी हसले. खळ निजते, खळ बोलते, सगळं मला गोड वाटलं, म्हातारीचं काहीतरी वाटलं. पदार्थाला मागचं आठवतं, त्याला कसं वागवलं यावर तो आता कसा वागेल हे ठरतं, या एका गोष्टीवर मी चार वर्षं घालवली होती, नानी. तेच तू मला स्कूटरच्या आवाजात एका वाक्यात सांगत होतीस आणि मला ते ओळखू आलं नाही, कारण ते तुझ्या तोंडून येत होतं.

इंदापूर ते बारामती डबा पायापाशी नाचत आला. मधे रस्ता उकरून ठेवलेला, पुढं उसाच्या ट्रॉल्या. मी थेट कॉलेजात आले, फडकं सोडलं, डबा यंत्राखाली ठेवला आणि दहा मिनिटांत आकडा लिहून घेतला. पातळ. चांगलीच पातळ. दुपारी दोन वाजता तुला फोन लावला. सांजपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता, असं लिहिणार होते. तेही खोटं आहे. त्या दुपारी मला काहीएक काम नव्हतं. आपलं यंत्र काय सांगतं ते लगेच ऐकवायची मला घाई झाली होती.

"नानी, खळच पातळ आहे गं. सुताचा दोष नाही."

मागून तात्यांचा आवाज आला, "काय म्हनती? काय म्हनती?" मग तू हळू विचारलंस, "खळ बसू दिलीस का?"

आणि मी म्हणाले, "हो."

एवढंच. मला त्या क्षणी त्यात काही वाटलंच नाही. लहान मुलाला म्हणतो ना, हो रे, दार लावलंय, तसं ते हो होतं. पण तू मला लहानपणापासून ओळखत होतीस, आणि मी तुझ्याशी खोटं बोलेन हे तुझ्या मनातही आलं नसणार. मी खरं बोलतेय असं एकदा धरलं की मग पुढं एकच गोष्ट उरत होती. तुझं बोट चुकत होतं. तू म्हणालीस, "मग आसंल बया. तुझं मशीन कशाला खोटं बोलंल?"

यंत्र खोटं बोललं नव्हतं. यंत्रानं हलवलेल्या खळीचा खरा आकडा दिला होता.

पुढचं मी फार उत्साहानं केलं. खळ आणखी घट्ट व्हावी म्हणून चिंचोके किती, पाणी किती, किती मिनिटं शिजवायचं, सगळं एका कागदावर लिहिलं, प्लास्टिकमध्ये घातलं आणि मागाजवळच्या खांबाला अडकवलं. वजनकाटाही आणून दिला. तुझी सून रूपा हुशार, तिनं पहिल्याच दिवशी सगळं काटेकोर केलं. धागे तुटायचे थांबले. तात्या गावभर सांगत सुटले, आमच्या शैलीनं माग सुधारला. त्याच आठवड्यात ती सुताची खेप संपून नवी आली होती, हेही तात्यांनीच मला सांगितलं होतं, सहज, बोलता बोलता. मी ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. त्यानंतरची घोंगडी पत्र्यासारखी ताठ यायला लागली. लोक म्हणाले, हल्लीची लोकरच तशी.

तू चुलीपाशी यायची बंद झालीस. रूपा खळ शिजवायची आणि तू लांब बाजेवर बसून चिंचोक्यांची सालं काढायचीस. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "नानी, बघ की जरा, झाली का." तू बोट पुढं केलंस, आणि पातेल्यापर्यंत नेऊन मागं घेतलंस. पदराला पुसलंस, काही लागलेलं नसताना. "मला काय इचारतीस? कागुद काय म्हंतो?" तू टोमणा मारला असतास तर मला सुटल्यासारखं झालं असतं. तू खरंच विचारत होतीस.

सात-आठ महिन्यांनी मी वर्गात हाच विषय शिकवत होते. दह्याचे दोन डबे घेतले, एकाच विरजणाचे. एक टेबलावर तसाच ठेवलेला, दुसरा मुलांनी हातोहात फिरवून आणलेला. दोन्ही यंत्राखाली ठेवले. पोरं आकडे बघून खूश झाली. मी फळ्यावर लिहीत होते, "मोजमापाआधी पदार्थाला विश्रांती द्यावी," आणि खडू तिथंच थांबला. मला स्टीलचा डबा दिसला आणि त्यावर बांधलेलं फडकं. मी तास पूर्ण केला. तेवढी हुशार आहे मी.

त्या रविवारी मी स्वतः चिंचोके आणले, जशी जमली तशी खळ केली. बसलेली असताना मोजली, मग डब्यात घालून स्कूटरवर एमआयडीसीला दोन फेऱ्या मारून आणली आणि पुन्हा मोजली. निम्म्याहून खाली. संध्याकाळी परत मोजली तर पुन्हा वर चढत होती. तू म्हणायचीस, "खळ कुंच्याखाली पळाली पायजे आन् धाग्यावर थांबली पायजे." माझ्या प्रबंधाचं अख्खं पहिलं प्रकरण एवढंच म्हणतं, फक्त त्याला साठ पानं लागतात.

मग मी तुला लगेच का सांगितलं नाही? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तात्यांचा आनंद कशाला घालवा. धागे तर तुटत नाहीत ना आता. तुला या वयात दगदग नको. एका परिसंवादात मी तुझ्या खळीचा तो आकडा दाखवून, पारंपरिक पद्धतीत कुठं सुधारणा हवी यावर बोलून आले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हे कारण मी कधी मोठ्यानं म्हटलं नाही. पण चूक झाली हे सांगणं सोपं होतं. यंत्रं चुकतात, माणसं चुकतात, तू हसून सोडून दिलं असतंस. अवघड होतं ते "हो" परत घेणं. मी तुझ्याशी खोटं बोलले होते, आणि तू ते माझ्याकडून इतक्या विश्वासानं घेतलं होतंस, की स्वतःचं बोट टाकून दिलंस.

दिवाळीत सांगणार होते, पाहुणे होते. उन्हाळ्यात खास तेवढ्यासाठी आले, तर तू इतकी खुशीत होतीस, मला आमरस वाढत होतीस, की जीभच उचलेना. शेवटचं भेटलो तेव्हा तू अंथरुणाला लागली होतीस. तुझा हात माझ्या हातात होता. तुझी कातडी मी बोटानं उचलली तर ती तशीच उभी राहिली, खाली बसायला वेळ घेत होती, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? लवचीकपणा कमी झालाय. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. मी म्हटलं, "नानी, तुला एक सांगायचंय." तू डोळे उघडलेस. "सांग की." आणि मी म्हटलं, "काही नाही. झोप."

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मी मागाच्या शेडमध्ये गेले. तात्या खुर्चीवर बसले होते, रूपा जाजमं घडी करत होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबा, रस्ता, दुपारचे दोन, आणि ते "हो". माझं संपल्यावर तात्या म्हणाले,

"म्हंजी सूत वाईट हुतं."

"हो, तात्या."

"ती म्हनत हुती." ते मागाकडे बघत होते. "तीन वर्सं मी तिला बोलून दाखिवलं, शैले. भांडान निघालं की म्हनायचो, तुला सोत्ताच्या बोटाचं कळंना, मला काय शिकिवतीस. परवाच्या आजारपनात सुदीक म्हनलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता का सांगितलंस?"

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. थोडं वाटलंही, त्याची लाज वाटते. माझ्या पाठीवरचं अर्धं ओझं मी पंच्याहत्तरीच्या माणसाच्या पाठीवर टाकलं, आणि तुझ्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. तात्या उठले, बाहेर गेले आणि बांधाकडे तोंड करून उभे राहिले. मी मागं गेले तर हातानंच नको म्हणाले. ते मला माफ करतील की नाही ठाऊक नाही. तुझ्याकडून मला माफी नक्की मिळाली असती, म्हणूनच ती मागायला मी तीन वर्षं लावली, कुठं जातेय ती, असं धरून.

मी परत शेडमध्ये आले तर रूपानं खांबावरचा कागद काढून हातात घेतला होता.

"वन्सं, ह्ये चुकीचं हाय म्हंता. मग आता खळ कशी करायची?"

"नानी करायची तशी," मी म्हटलं.

"कशी करायच्या त्या?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला दोनदा म्हनल्या, ये, बोट बुडीव, दावते. मीच म्हनलं, कागुद हाय की आत्याबाई, कशाला तरास घेताय." तिचे डोळे भरून आले. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं ती म्हणाली, "पर तुमी मोजली हुती न्हवं त्यांची खळ? त्यातनं कळंल की."

तुझ्या खळीचा साऱ्या जगात एकच आकडा आहे, नानी. तो माझ्या वहीत आहे, आणि तो चुकीचा आहे.